गाण्याची आवड सुटली, की कान गेले?

आपल्या जिल्ह्यात असे एकही गाव नसेल, जिथे एखाद्या गायनपार्टीचा किंवा तमाशाच्या फडाचा जन्मभर नाद केलेली दोन-चार माणसे सापडणार नाहीत. पार्टी कोणत्या गावाला येणार आहे हे त्यांना पोस्टर लागायच्या आधीच ठाऊक असते. पेटीवर कोण बसतो, ढोलकी कोणाची, कोरसला कोण नवीन आले, कोणते गाणे कोणत्या साली प्रथम म्हटले गेले, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. जवानीत सायकलवर वीस-वीस मैल जाऊन रात्रभर सामना ऐकायचा आणि सकाळी येऊन औत धरायचे, असे दिवस त्यांनी काढलेले असतात.

याच माणसांबद्दल आज लिहायचे आहे. कारण साठी-सत्तरी ओलांडली की यांच्यापैकी पुष्कळ जण गाण्याला जाणे सोडून देतात. घरचे म्हणतात, ‘वय झालं, आता आवड राहिली नाही.’ दवाखान्यातला माझा अनुभव वेगळा आहे. आवड बहुतेक वेळा जागच्या जागी असते, गेलेले असतात ते कान. ही गोष्ट त्या माणसाला स्वतःला सांगता येत नाही आणि घरच्यांना ओळखता येत नाही.

आपल्या मुलखाचे गाणे

गायनपार्टी म्हणजे काय, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. एक मुख्य गायक, एक पेटीवाला, एक ढोलकीवाला, बुलबुलतरंग किंवा बँजो, झांज आणि मागे कोरस धरणारे तीन-चार जण. गाणी पुष्कळदा पार्टीतल्याच कवीने रचलेली. मागे कोणी कंपनी नाही की मोठा शेठ नाही. सुपारी आली की जायचे, गायचे, बिदागी वाटून घ्यायची आणि उरलेले दिवस मजुरीला किंवा नोकरीला जायचे. १४ एप्रिलच्या भीमजयंतीपासून पुढे महिना-दीड महिना या पार्ट्यांना उसंत नसते. दोन पार्ट्या समोरासमोर बसवून ‘जंगी सामना’ लावला की एकीने गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसरीने गाण्यातूनच उत्तर द्यायचे, असे पहाटेपर्यंत चाले.

या परंपरेत वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांचे नाव सर्वांत आधी घेतले पाहिजे. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडी गावचा हा कवी गावोगाव हिंडला आणि हजारो गीते मागे ठेवून गेला. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांनी विठ्ठलाची भक्तिगीते आणि भीमगीते दोन्ही एकाच तन्मयतेने गायिली. त्यांच्यानंतर मुलगे आनंद आणि मिलिंद, आणि नंतर आनंद यांचा मुलगा आदर्श, असे हे घराणे तीन पिढ्या गात आले आहे. मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ चालली, १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, त्या सगळ्या काळात सभेआधी आणि सभेनंतर ही गाणीच लोकांना धरून ठेवत होती.

तमाशाचेही तसेच. दसऱ्यानंतर फड बाहेर पडतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रा होईपर्यंत हिंडत राहतात. पाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पंच मंडळी तिथे जाऊन जत्रेची सुपारी ठरवतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांचा फड, कांताबाई सातारकरांचा फड, काळू-बाळूंचा फड, यांपैकी ‘आपला’ फड कोणता यावरून पारावर भांडणे झालेली आहेत.

शहरातही हे वेड असते, फक्त गाणे वेगळे. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ नावाचा रॉक बँड निघाला. १९९३ मध्ये त्याने ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतले, मध्ये काही वर्षे तो थांबला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. त्या वेळी कॉलेजात असताना त्याला ऐकणारे लोक केस पांढरे झाल्यावर परत त्याच्या कार्यक्रमांना गेले. आपला पार्टीवाला आणि मुंबईचा रॉकवाला यांची नाडी एकच आहे. तरुणपणी जे गाणे अंगात भिनते ते पुढे निघत नाही.

तरुणपणचे गाणे का टिकते?

याला शास्त्रीय कारण आहे. साधारण पंधरा ते पंचवीस या वयातल्या आठवणी मेंदूत सर्वांत घट्ट बसतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. त्या वयात ऐकलेल्या गाण्याबरोबर तेव्हाची माणसे, जागा, वास, आनंद आणि दुःख हे सारे गुंफले जाते. म्हणून एखादी चाल नुसती कानावर पडली की चाळीस वर्षांपूर्वीची जत्रा डोळ्यांसमोर उभी राहते. स्मृतिभ्रंश झालेल्या काही रुग्णांना नातवाचे नाव आठवत नाही, पण जुने गाणे लागले की पुढचे कडवे ते बरोबर म्हणतात, हे आम्ही डॉक्टर मंडळी पाहत असतो. ओळखीच्या गाण्याची स्मृती मेंदूत इतर पुष्कळ गोष्टींपेक्षा उशिरापर्यंत शाबूत राहते.

गाण्याने रक्तदाब बरा होतो, मधुमेह जातो, असले दावे मी करणार नाही. गोळी बंद करून गाणे ऐकत बसू नका. पण एक गोष्ट निश्चित आहे. गाण्याला जाण्यासाठी माणूस उठतो, दाढी करतो, स्वच्छ धोतर नेसतो, चार मैल जातो, जुन्या सोबत्यांना भेटतो, हसतो, वाद घालतो. म्हातारपणी यापेक्षा चांगले औषध माझ्या कपाटात नाही. ते बंद झाले की माणूस घरात, मग खोलीत आणि शेवटी बाजेवर येतो.

‘लोक हसले की मीही हसतो’

एक गृहस्थ सुनेबरोबर दवाखान्यात आले होते. वय सत्तरीच्या पुढे. सून म्हणाली, ‘‘डॉक्टर साहेब, मामा आता कशातच लक्ष घालत नाहीत. विचारलं एक तर सांगतात दुसरं. परवा त्यांची पार्टी गावात आली होती, तर गेलेसुद्धा नाहीत. जन्मात कधी एक गाणं चुकवलं नव्हतं त्यांनी. डोक्यावर परिणाम झाला का बघा.’’

मी खुर्ची त्यांच्या समोर ओढली, तोंडाकडे तोंड करून सावकाश बोललो, तेव्हा त्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरे नीट दिली. वार सांगितला, महिना सांगितला, शेतात काय पेरले ते सांगितले. मग विचारले, ‘‘पार्टी आली होती, गेला का नाहीत?’’ थोडा वेळ ते गप्प बसले. सून औषधाची चिठ्ठी आणायला बाहेर गेल्यावर म्हणाले, ‘‘काय करू जाऊन? ढोलकी कळती, पण कवी काय म्हणतोय ते कळत नाही. सवाल कळला नाही तर जवाबाची काय मजा? लोक हसले की मीही हसतो. शेजारचा म्हणतो, काय बहार केली, मी म्हणतो, व्हय. घरी आल्यावर माझी मलाच लाज वाटती.’’

वाचक मित्रहो, या चार वाक्यांत वार्धक्यातल्या बहिरेपणाची सगळी लक्षणे आली आहेत. वैद्यकाच्या पुस्तकातही ती याहून नेमकी सापडणार नाहीत.

कानाच्या आत काय होते?

आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतो. पडद्यामागच्या तीन नाजूक हाडांच्या साखळीतून तो आतल्या कानात जातो. तिथे गोगलगाईच्या शंखासारखी वळणे घेतलेली एक नळी असते आणि तिच्यात अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. एका कानात अशा सुमारे १५ ते १६ हजार पेशी घेऊन आपण जन्माला येतो. आवाजाच्या लाटेने त्या डोलतात आणि त्याचा संदेश मेंदूकडे जातो. या पेशी माणसात एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

या नळीच्या तोंडाजवळच्या पेशी बारीक, उंच पट्टीचे आवाज पकडतात. आतल्या टोकाकडच्या पेशी जाड, खालच्या पट्टीचे आवाज पकडतात. वय आणि गोंगाट या दोन्हींचा पहिला घाव तोंडाजवळच्या पेशींवर पडतो. म्हणजे आधी बारीक आवाज जातात. आपल्या भाषेत स्वरांचे आवाज जाड आणि दमदार असतात, तर स, श, त, क, च, फ असे व्यंजनांचे आवाज बारीक आणि क्षीण असतात. शब्दाचा अर्थ मात्र या व्यंजनांवरच ठरतो. ‘साप’, ‘ताप’, ‘काप’ यांतला ‘आ’ ऐकू येतो, पुढचे अक्षर हुकते. म्हणूनच ढोलकी कळते, चाल कळते, गायकाचा आवाज येतोय हेही कळते, पण शब्द कळत नाहीत.

दुसरी गोष्ट गर्दीची. निवांत खोलीत समोरासमोर बसून बोलले तर या माणसाला बरेच समजते. मंडपात मात्र पोरांचा कालवा, जनरेटरची घरघर आणि कर्ण्याचा घुमारा यांत शब्द पार बुडून जातात.

तिसरी गोष्ट घरच्यांना फार चमत्कारिक वाटते. हळू बोलले तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोलले तर म्हातारा चिडतो, ‘ओरडतोस कशाला, बहिरा आहे का मी?’ यात खोडसाळपणा नसतो. पेशी कमी झालेल्या कानाला ऐकू येणारा आवाज आणि त्रास देणारा आवाज यांतले अंतर फार कमी राहते. म्हणून कर्णे वाढवून अशा माणसाला गाणे समजत नाही, उलट त्याचे डोके उठते.

घरात होणारे गैरसमज

कानाची नजर हळूहळू जाते. डोळ्यांची गेली तर माणूस स्वतः सांगतो, कारण ठेच लागते. कानाची गेली तर त्याला वाटते, आजकालचे लोक पुटपुटतात. घरच्यांचे तर्क तीन प्रकारचे असतात. कोणी म्हणते विरक्ती आली, कोणी म्हणते रुसलेत, कोणी म्हणते बुद्धी फिरली. आजींच्या बाबतीत तर तेवढाही विचार होत नाही. त्या भजनी मंडळात जाणे सोडतात आणि चुलीपुढे बसून राहतात. घरच्यांना ते सोयीचेच वाटते.

बहिरेपणा आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध मात्र खरोखरच आहे. ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत मध्यम वयापासूनचा बहिरेपणा हे महत्त्वाचे कारण धरले आहे. मेंदूकडे आवाज कमी जातो, जेवढा जातो तेवढा समजून घेण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते आणि माणूस लोकांतून उठतो, अशी त्यामागची कारणे मानली जातात. २०२३ मध्ये अमेरिकेतला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ लोकांना तीन वर्षे पाहिले. सगळे मिळून पाहता श्रवणयंत्राने बुद्धीच्या ऱ्हासात फरक दिसला नाही. परंतु ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्या गटात श्रवणयंत्र आणि सल्ला मिळालेल्यांचा ऱ्हास तीन वर्षांत सुमारे निम्म्याने कमी झाला. तेव्हा यंत्र लावले की विसरणे थांबते असे म्हणता येणार नाही, पण कान दुर्लक्षित ठेवणे परवडणारे नाही एवढे नक्की.

काय करावे?

पहिली पायरी घरातच आहे. म्हाताऱ्या माणसाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा. त्यांना तुमचे ओठ दिसता कामा नयेत. एक कान त्यांच्याच बोटाने बंद करायला सांगा आणि दुसऱ्या बाजूने हळू आवाजात तीन आकडे म्हणा. तेच आकडे त्यांनी परत म्हणावेत. दोन-तीनदा करूनही चुकत असेल तर कान तपासायला हवा. रेडिओ-टीव्हीचा आवाज वाढत चालला आहे का, फोनवर बोलणे टाळतात का, चार माणसांत गप्प बसतात का, हेही पाहावे.

दुसरी पायरी, मळ. किती तरी लोकांचा अर्धा बहिरेपणा कानातल्या वाळलेल्या मळात असतो. तो डॉक्टरकडूनच काढून घ्यावा. काडी, केसाची पिन, किल्ली कानात घालू नये. बाजारात बसणाऱ्या कानकोऱ्याकडून कान कोरून घेऊ नये. पडद्याला भोक असेल तर गरम तेल घालणे धोक्याचे असते आणि भोक आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. लहानपणी कान फुटत होता का, पूर्वी क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेतली होती का, मधुमेह आहे का, पिठाची गिरणी, जिनिंग किंवा ट्रॅक्टरवर वर्षानुवर्षे काम केले का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तिसरी पायरी, श्रवणालेख म्हणजे ऑडिओग्राम. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे ही तपासणी होते. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून निरनिराळ्या पट्टीचे आवाज ऐकवतात आणि कोणता आवाज कितव्या डेसिबलला ऐकू आला त्याचा आलेख काढतात. दुखत नाही, सुई नाही. सरकारी सोयीसाठी बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे चौकशी करावी.

एक अपवाद लक्षात ठेवा. एका दिवसात किंवा दोन-तीन दिवसांत अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले तर ते वय नव्हे. त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जावे. वेळेत औषध मिळाले तर ऐकू परत येण्याची आशा असते, पंधरा दिवसांनी गेल्यास ती फार कमी होते. कानातून पू किंवा रक्त, चक्कर, तोंड वाकडे होणे, फक्त एकाच कानात सतत आवाज येणे, यांतही थांबू नये.

श्रवणयंत्राबद्दल

श्रवणयंत्र चष्म्यासारखे नसते. चष्मा लावला की लगेच दिसते. यंत्र लावल्यावर पहिले काही दिवस भांड्यांचा खणखणाट, स्वतःच्या पावलांचा आवाज, कागदाची सळसळ असे सगळे अंगावर येते. कारण मेंदूला ते आवाज ऐकण्याची सवय राहिलेली नसते. म्हणून पहिला आठवडा घरात, एका माणसाशी बोलताना दोन-तीन तास लावावे. मग बातम्या, मग ओसरीवरच्या गप्पा आणि शेवटी गर्दी. सवय व्हायला महिना-दीड महिना लागतो. जत्रेत किंवा जाहिरात पाहून घेतलेले स्वस्त यंत्र सगळेच आवाज सरसकट वाढवते. चांगले यंत्र श्रवणालेख पाहून, जी पट्टी गेली आहे तीच वाढवते. दोन्ही कान गेले असतील तर शक्यतो दोन्ही कानांना यंत्र घ्यावे.

गाण्याच्या शौकिनांनी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. यंत्राची मांडणी मुख्यतः बोलण्यासाठी केलेली असते, त्यामुळे पेटीचा लांब सूर यंत्राला कधी कधी नको असलेला आवाज वाटतो आणि ते तो दाबते. पुष्कळ यंत्रांत संगीतासाठी वेगळी मांडणी करता येते. ‘मला गाणे ऐकायचे आहे,’ असे यंत्र बसवणाऱ्याला स्पष्ट सांगावे. म्हातारपणी अशी मागणी करायला लाजू नये.

पैशाची अडचण असेल तर मार्ग आहेत. दिव्यांगांना साधने देणारी केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना, २०१७ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना आणि राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेली मुख्यमंत्री वयोश्री योजना, या तिन्हींत श्रवणयंत्राचा विचार केलेला आहे. उत्पन्नाच्या आणि वयाच्या अटी असतात. समाजकल्याण कार्यालयात नक्की काय लागते ते विचारून घ्यावे.

वर सांगितलेल्या गृहस्थांच्या कानातून दोन्ही बाजूंचा मळ निघाला, तपासणी झाली, यंत्रही मिळाले. पहिले तीन आठवडे ते यंत्र डबीतच होते. सुनेने रोज संध्याकाळी जेवण झाल्यावर लावायला सांगितले, समोर बसून दिवसभराचे बोलली, तेव्हा सवय लागली. पुढच्या जयंतीला ते गाण्याला गेले. सगळे शब्द कळले का, असे मी विचारले. म्हणाले, ‘‘दहातले सात कळले. उरलेले तीन जुने होते, ते मला पाठच होते.’’

तरुणांसाठी

आता पार्टीच्या पुढच्या पिढीतल्या चाहत्यांकडे वळतो. बापाने जे कान साठीत घालवले ते आज मुले पंचविशीत घालवीत आहेत. पूर्वीच्या सामन्यात दोन कर्णे झाडाला बांधलेले असत. आज ट्रकभर स्पीकरची भिंत उभी राहते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरवर मोठाले स्पीकर बांधून रात्रभर गाणी वाजवत वाहतूक चालते. चालकाला झोप येऊ नये हा त्यामागचा हेतू समजतो, पण चालकाचा कान स्पीकरपासून हातभर अंतरावर असतो.

हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत कान सहन करतो असे धरले जाते. आवाज ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. कार्यक्रमांच्या जागी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे मानक जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घालून दिले. स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणाऱ्याने मनाशी हिशेब करावा.

कार्यक्रमाहून आल्यावर कानात घूं-घूं किंवा शिट्टी वाजत असेल, आवाज कापसातून आल्यासारखे वाटत असतील, तर कानाला मार लागला असे समजा. सकाळी बरे वाटते म्हणून सोडून देऊ नका. असे मार साठत जातात.

उपाय साधे आहेत. उघड्या मैदानात स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाची मुदत चौपट होते. तासा-दीड तासाने दहा मिनिटे लांब जाऊन चहा घ्यावा. मेडिकल दुकानात किंवा मागवून फोमचे इअरप्लग मिळतात, ते नीट दाबून घालावेत. कापसाच्या बोळ्याचा फारसा उपयोग होत नाही. लहान मुलांना खांद्यावर घेऊन स्पीकरपुढे उभे राहू नये.

पार्टीच्या कलावंतांना तर हे अधिकच लागू आहे. ‘एसी/डीसी’ या जगप्रसिद्ध रॉक बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये डॉक्टरांनी बजावले की, मोठ्या मैदानांतले कार्यक्रम थांबवा, नाहीतर कान पूर्ण जातील. त्यांना चालू दौरा सोडावा लागला. आपले ढोलकीवाले, हलगीवाले, बँडवाले वर्षानुवर्षे त्याच आवाजात बसतात आणि त्यांना कोणी बजावत नाही. दोन वर्षांतून एकदा तरी त्यांनी श्रवणालेख काढावा.

रात्री दहाचा नियम

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातले ठरावीक, जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बंधनावर शिक्कामोर्तब केले. यामुळे पहाटेपर्यंत चालणारे सामने संपले, अशी शौकिनांची हळहळ आहे. लहानपणी मांडीवर धाकट्या भावाला झोपवून मीही असे सामने ऐकले आहेत, तेव्हा ती हळहळ मला कळते. पण आज रात्रभर वाजतो तो कर्णा राहिलेला नाही. शेजारच्या घरातला हृदयरोगी, बाळंतीण आणि परीक्षेचा विद्यार्थी यांनाही कान आहेत. संध्याकाळी सहाला सुरू करून दहाला संपवलेला सामना म्हाताऱ्यांना सोसतो, बायकांना येता येतो, आणि पार्टीलाही वेळेत घरी जाता येते.

जयंती मंडळे आणि जत्रेच्या पंचांना शेवटी एक विनंती. मंडपात एका बाजूला, रंगमंचाच्या जवळ पण स्पीकरच्या माऱ्याबाहेर, दोन ओळी म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवा. गायकाच्या तोंडावर उजेड ठेवा. कमी ऐकू येणारा माणूस निम्मे शब्द ओठांवरून ओळखतो. जनरेटर मंडपामागे लांब लावा. याला एक पैसाही जास्तीचा लागत नाही.

आणि वाचकांनी एवढे करावे. ज्या माणसाने आयुष्यभर एका पार्टीवर जीव लावला, तो या वर्षी गाण्याला आला नाही, तर ‘आता आवड राहिली नाही’ असे म्हणून विषय मिटवू नका. त्याच्या समोर बसा, सावकाश विचारा, आणि कारखान्यांचा पट्टा पडून जत्रा सुरू होण्याआधी त्याचे कान तपासून घ्या.